टॅक्सी खाली नाही!

‘खाली है क्या?’

वरळी नाक्याच्या सिग्नलला आठवड्यातून एकदा तरी मला हा प्रश्न विचारला जातोच. विचारणारा खिडकीत वाकतो. मग त्याला आत मी दिसते, माझी लॅपटॉपची बॅग दिसते, डॅशबोर्डवर गोल्फादेवीचा फोटो दिसतो. तो ओशाळून हसतो आणि मागे होतो. माझ्या गाडीचा रंग निळा आहे, मीटर नाही, कॅरिअर नाही. पण मुंबईकराच्या डोक्यात प्रीमियर पद्मिनी म्हणजे टॅक्सी, विषय संपला!

खरं तर टॅक्सीच संपल्या. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला रजिस्टर झाली होती. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षांची. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी कायदेशीररीत्या उरली नाही. त्या दिवशी सगळ्यांनी स्टेटसला फोटो टाकले, ‘एका युगाचा अंत’ वगैरे लिहिलं. मीही लिहिलं, मानधनही घेतलं. आणि लेख पाठवून खाली आले, तर आमची पद्मिनी स्टार्ट होत नव्हती!

तर ही गोष्ट त्या गाडीची. आणि ती जिथे उभी असते, त्या वरळी कोळीवाड्याची.

जिथे गाडी जात नाही

तुम्ही कोळीवाडा लांबून नक्की पाहिला असेल. सी लिंकवरून वांद्र्याकडून येताना समोर जी दाटीवाटीची घरं समुद्रात घुसल्यासारखी दिसतात, तोच. टोकाला किल्ला. सतराव्या शतकात इंग्रजांनी बांधलेला, माहीमच्या खाडीवर लक्ष ठेवायला. किल्ल्याच्या पायथ्याशी होड्या, काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील, आणि मागे टॉवर्सची रांग. वीकेंडला कॅमेरे घेऊन येणाऱ्यांचा हा आवडता अँगल.

आत मात्र चारचाकीचं काम नाही. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून बाईक आली तर तुम्ही कुणाच्या तरी ओट्यावर चढता. ज्याच्या ओट्यावर चढता तो ‘बसा’ म्हणतो. गाडी बाहेर रस्त्याला लावायची आणि चालत जायचं.

माझी आई इथली, बाबा लालबागचे. लालबागच्या खोलीत पाच माणसं आणि माझा अभ्यास मावेना, म्हणून २०१९ मध्ये मी मासकॉम करता करता मामाकडे राहायला आले. माळा मला मिळाला. मामा मासेमारी करायचा, मामी मासे विकते. आणि बाहेर रस्त्याला मामाची पद्मिनी. मॉडेल १९८०, मामाने १९९० मध्ये सेकंडहँड घेतलेली. शाळेत असताना मला तिची लाज वाटायची. मैत्रिणींच्या बाबांकडे तेव्हा पॉवर स्टिअरिंग होतं ना!

उभी राहिली आणि मेली

मार्च २०२० च्या शेवटी वरळी कोळीवाडा सील झाला. कोरोनात मुंबईतल्या अगदी पहिल्या बंद झालेल्या वस्त्यांपैकी आमची एक. शेवटचं सेमिस्टर मी माळ्यावर बसून मोबाइलवर दिलं. गाडी कुणाच्या डोक्यातही नव्हती. नंतर सगळं उघडलं तरी मामाचे गुडघे इतके गेले होते की क्लच दाबवेना. २०२१ मध्ये त्याने होडी विकली. गाडी विकायला काढली तर भंगारवाला सोडून कुणी फिरकलंच नाही.

२०२२ च्या दिवाळीत आम्ही तिच्यावरचं कापड काढलं. टायर बसलेले. ब्रेक जाम. पेट्रोलच्या टाकीत गंजाचा गाळ. इंजिन फिरेना. मामा तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, ‘चालत होती तवा काय नाय झालं हिला. उभी राहिली आणि मेली.’

माझ्या डोक्यात तेव्हा वेगळंच पिक्चर चालू होतं. चकाचक क्रोम, पांढऱ्या पट्ट्यांचे टायर, रविवारी सकाळी मरीन ड्राइव्ह, दोन-चार फोटो... मी म्हटलं, ‘मामा, आपण हिला कंपनीतून आली होती तशी करू या. एकदम ओरिजिनल!’

मामा काही बोलला नाही. बोलली मामी. ‘मना डॉकला न्यायला होईल काय?’

इथे जरा थांबून सांगायला हवं. वरळीच्या होड्या लहान, किनाऱ्याजवळच्या मासेमारीच्या. इथल्या माशांवर मामीचा धंदा भागत नाही. ती पहाटे ससून डॉकला जाऊन माल घेते आणि बाजारात विकते. वर्षानुवर्षं ती आणि तिच्या दोन मैत्रिणी ठरलेल्या काळी-पिवळीने जायच्या. मागे टोपल्या, पुढे बायका, ड्रायव्हर ओळखीचा. मग टॅक्सी कमी झाल्या. आणि ॲपवरून बोलावलेल्या गाडीचं काय होतं? ड्रायव्हर येतो, टब बघतो, नाक मुरडतो, कॅन्सल. एकदा मामी टब घेऊन तासभर रस्त्यावर उभी होती. आत बर्फ वितळत होता.

मरीन ड्राइव्हच्या फोटोंचा बेत तिथेच बारगळला.

उस्ताद आणि मिठाचा हिशेब

गाडी आधी समजून घ्या, म्हणजे तिचं काय करायचं ते कळतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ बनू लागली, आणि १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर. गिअर स्टिअरिंगच्या खाली. चारही चाकांना ड्रम ब्रेक. इलेक्ट्रॉनिक काहीच नाही, त्यामुळे डोळ्यांना दिसतं ते हाताने दुरुस्त होतं.

आमच्या उस्तादांनी तीसेक वर्षं टॅक्सी दुरुस्त केल्या. ‘सब पेशंट गए मेरे,’ ते म्हणायचे. त्यांनी इंजिनाला आधी हातच लावला नाही. चारही प्लग काढले, त्या भोकांतून तेल ओतलं आणि चार दिवस तसंच ठेवलं. पाचव्या दिवशी पुलीवर पाना लावून हळूहळू हलवलं. कर्रर्र... आणि क्रँक फिरला! मामा लांब स्टुलावर बसून बघत होता. ‘होडीचं मशीन पण आम्ही असंच सोडवायचो,’ एवढंच म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी स्टूल दोन फूट पुढे सरकलं होतं.

इंजिनापेक्षा मोठं दुखणं पत्र्याचं. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. म्हणजे गंज ही इथे दिसण्याची गोष्ट नाही, जिवाची आहे. आणि वरळीच्या हवेत मीठ आहे. ड्रायव्हरच्या पायाखालची फ्लोअर मॅट उचलली तर खाली रस्ता दिसला. दाराखालच्या पट्ट्या आतून पोखरलेल्या. आधीच्या कुणीतरी गंजावर लांबी भरून वर रंग मारला होता. उस्ताद म्हणाले, ‘पावडर लगाया है बुढिया को.’

सगळा सडका पत्रा कापला, १८ गेजचा नवा वेल्ड केला, रेड ऑक्साइड, खालून कोटिंग. दाराखालची पाणी जायची छोटी भोकं बुजलेली होती, ती उघडली. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर ही भोकं आजच बघा. फुकटात होणारं काम आहे आणि हजारो रुपये वाचवतं.

पार्ट? २०२३ मध्ये टॅक्सी भंगारात जात होत्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि चोरबाजारात फिरून मला दरवाजा, मागची काच, हँडलं, गिअरची जोडणी सगळं मिळालं. दरवाजा आतून अजून काळा आहे. ज्या टॅक्सीसाठी मी ‘युगाचा अंत’ लिहिला, तिचा दरवाजा मी रोज आपटून बंद करते!

काय बदललं, काय नाही

दर वर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून दुरुस्त होतात. त्या पावसाळ्यात मी आमच्या शेजाऱ्यांची होडी नीट बघितली. आधी लाकडी होती, आता फायबरची. वल्ह्याची जागा इंजिनाने घेतली, आता जीपीएसही आहे. पण तिला कुणी ‘रिस्टोअर’ केली म्हणत नाही. होडी आहे, समुद्रावर जायला हवी, म्हणून जे लागेल ते करतात. मग मीही तोच नियम लावला. रोज चालवण्यासाठी जे लागेल ते बदलायचं, बाकी ठेवायचं.

पहिला गेला डायनमो. गाडी ट्रॅफिकमध्ये मंद चालू असताना डायनमो पुरेसं चार्जिंग करत नाही. वायपर लावला की हेडलाइट पिवळे पडायचे. त्या जागी अल्टरनेटर बसवला. हेडलाइटना रिले लावले, म्हणजे सगळा करंट जुन्या स्विचमधून न जाता थेट बॅटरीवरून जातो. रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडायला बंद केला आणि सगळं ट्रॅफिक अंगावर आलं, तेव्हा त्या पंख्याला मी मनातल्या मनात नारळ वाहिला. पुढे सीट बेल्ट बसवले, तेही खांबाला आतून मजबुती देऊन, नुसता बोल्ट ठोकून नाही.

पेट्रोलची भानगड वेगळी. २०२५ पासून देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉल जुन्या रबराला खातं आणि पाणी ओढतं. १९८० च्या गाडीला हे कोण सांगणार? पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आणि पंपातला पडदा इथेनॉल सोसणारे टाकले. आणि एक सवय लावून घेतली. टाकीत पेट्रोल महिनोन्महिने पडून राहू द्यायचं नाही, जाळायचं.

काय नाही बदललं? इंजिन तेच, ब्रेक ड्रमच, फक्त आतून सगळे नवे. एका मित्राने मारुतीचं इंजिन बसव म्हणून फारच डोकं खाल्लं. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच बजावलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी, आरसी बुकात नोंद. इन्स्टावर मॉडिफाइड गाड्या बघून जीव टाकणाऱ्यांनी हे आधी वाचावं!

आणि एक बदल, जो कुठल्याही ऑटो मॅगझिनमध्ये सापडणार नाही. माशांच्या बर्फाचं पाणी म्हणजे पत्र्याला विष. म्हणून होड्या दुरुस्त करणाऱ्या काकांकडून आम्ही डिकीला आतून फायबरचं अस्तर करून घेतलं. कोपऱ्यात एक भोक आणि खाली रबरी नळी. पाणी पत्र्याला न लागता थेट रस्त्यावर. काका म्हणाले, ‘आता हिला पाण्यात टाकली तरी मागून नाय बुडणार.’

एकूण खर्च दोन लाख सत्तर हजार, दोन वर्षांत, जसे लेखांचे पैसे आले तसे. ठरवलेल्या बजेटच्या जवळजवळ दुप्पट. आईने अजून हा आकडा ऐकलेला नाही, हा अंक कृपया लालबागला पोचवू नका.

४५ वर्षांची परीक्षा

खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पहिली १५ वर्षं, मग दर पाच वर्षांनी नव्याने. आमचं सप्टेंबर २०२५ ला संपत होतं. मी पाच हजारांची तयारी ठेवली होती. ऑगस्टमध्ये नियम बदलला आणि २० वर्षांवरच्या चारचाकीची फी झाली दहा हजार. पर्यावरण कर आणखी वेगळा. सरकारचं म्हणणं मला समजतं. जुनी इंजिनं जास्त धूर सोडतात, आणि माझ्या गाडीत एअरबॅगही नाही. मी स्वतःला वेगळी समजत नाही. ट्यूनिंग वेळेवर करते, पीयूसीचा आकडा बघते, अंतर राखून चालवते. एवढंच हातात आहे.

तपासणीच्या दिवशी मामा मागे लागून बरोबर आला. साहेबांनी दिवे बघितले, हॉर्न, ब्रेक, खाली वाकून पत्रा ठोकून बघितला. डिकी उघडली. हुंगलं. माझ्याकडे बघितलं. ‘रोज चालवता?’

मामा म्हणाला, ‘रोज.’

गाडी पास झाली. पण हाय सिक्युरिटी नंबर प्लेट सक्तीची झाल्यामुळे जुनी प्लेट काढावी लागली. ती हाताने रंगवलेली होती. कोळीवाड्यातल्या ज्या पेंटरने मामाच्या होडीवर नाव घातलं होतं, त्यानेच नंबरही काढला होता. मामाने ती प्लेट वर्तमानपत्रात गुंडाळली आणि घरी येईपर्यंत मांडीवर ठेवली. होडी विकली त्या दिवशी तो असाच गप्प होता. आता ती माझ्या माळ्याच्या जिन्यावर टांगली आहे.

साहेबांनी जाता जाता आणखी एक सांगितलं होतं. ‘पुढच्या वेळी पन्नास पूर्ण होतील. व्हिंटेज करून घ्या.’

मी घरी येऊन नियम वाचले. २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो. रुबाब! पण अट अशी, की मग ती रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, बस. शिवाय मूळ रूपात मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणजे डॉक नाही, बर्फ नाही, आणि फायबरच्या डिकीचं काय सांगायचं? मला किल्ल्यावर फोटो काढणारी मुलं आठवली. ‘कित्ती ऑथेंटिक आहे ना,’ एक जण म्हणत होती. तिच्या मागे आमची शेजारीण बोंबील उलटे करत होती, आणि फ्रेममधून जरा बाजूला व्हाल का, असं तिलाच विचारलं गेलं.

पहाटेचे चार

१५ ऑगस्ट २०२५ पासून कोस्टल रोड चोवीस तास सुरू झाला. म्हणजे पहाटे डॉकला जायला मोकळा रस्ता. पण या रस्त्याचं नाव आमच्या घरात सहज निघत नाही. त्याच्या पुलाचे खांब वरळीच्या क्लीव्हलँड बंदरातून होड्यांच्या वाटेत येत होते. दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरलेलं. खवळलेल्या समुद्रात तेवढ्यातून होडी काढणं म्हणजे जिवाशी खेळ, असं कोळी सांगत राहिले. कामं अडवली, बैठका झाल्या. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटरवर तोडगा निघाला. तोवर मामाची होडी विकून वर्ष झालं होतं.

रजिस्ट्रेशननंतरच्या आठवड्यात मामीबरोबर मामाही निघाला. ‘बघतंय तरी कसा हाय तो रस्ता.’ चोक ओढला, दोनदा खोकून इंजिन लागलं. मामी मागे टबांबरोबर, मामा पुढे. पुलावर चढल्यावर मामाने हँडल फिरवून काच खाली केली आणि अंधारात बंदराच्या दिशेला बघत राहिला. खाली दोन होड्यांचे दिवे हलत होते.

‘वरून रुंद दिसते वाट,’ तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, ‘खालून नाय दिसत एवढी.’

मग दोन किलोमीटरचा बोगदा. समुद्राखालून जाताना पद्मिनीचा आवाज भिंतींवरून परत आला आणि मामी जोरात हसली. वीस मिनिटांत ससून डॉक. १८७५ मध्ये बांधलेल्या या डॉकवरचा बाजार पहाटे बघितला नसेल तर एकदा जाच, फक्त चांगले बूट घालू नका. मामी गर्दीत शिरली. एका टबात बांगडे, दुसऱ्यात सुरमई. मामा गाडीला टेकून उभा होता, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण बोनेटवर थाप मारून त्याला काहीतरी विचारत होता. त्याला इतकं बोलताना मी कितीतरी वर्षांनी बघत होते.

सकाळी अकराला लोअर परळच्या चकाचक ऑफिसात माझी मीटिंग होती. लिफ्टमध्ये दोघांनी आधी एकमेकांकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. असो.

परतीच्या वाटेवर मी विषय काढला. २०३० ला गाडी पन्नास वर्षांची होईल. काय करायचं? व्हिंटेज करून मान मिळवायचा की पुन्हा फी भरून अशीच पळवायची? तोपर्यंत नियम काय होतील, पेट्रोल कसलं असेल, मी कुठे असेन...

मामा म्हणाला, ‘तुझी गाडी, तू ठरव.’ गाडी तुझी, असं तो पहिल्यांदाच म्हणत होता.

मागून मामीचा आवाज आला, ‘दोन हजार तीसचं तीसला बघू गो! आधी नाक्यावर थांबव, बर्फ कमी पडलाय.’